कला आणि वारसा संस्थांसाठी निधी उभारणी : खर्चाच्या हिशेबापासून देणगीदाराच्या भेटीपर्यंत

पैसे कमी पडू लागले की नाट्यसंस्था, संग्रहालये, संगीत मंडळे आणि जुन्या वास्तूंचे न्यास सर्वांत आधी अर्जांचे नमुने शोधतात. कोण अनुदान देते, शेवटची तारीख कधी, किती पाने लिहायची. अर्ज हे या कामातले बरेच पुढचे पाऊल आहे. त्याआधी स्वतःचा खर्च मोजायचा असतो, मग घरातल्यांकडे मागायचे असते, मग ओळखीच्यांकडे आणि सर्वांत शेवटी अनोळखी लोकांकडे. हा क्रम उलटला की चांगल्या कामालाही नकार मिळतो आणि संस्था समजते की लोकांना कलेची कदर नाही.

तूट का येते, हे आधी समजून घ्या

अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणाचा अभ्यास मांडला. चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितकी मिनिटे लागत, तितकीच आजही लागतात. कारखान्यात यंत्रे सुधारतात, एका माणसाच्या हातून जास्त माल निघतो आणि वेतन वाढते. वादकाच्या कामाचा वेग तसा वाढवता येत नाही, पण त्याला घर चालवायला इतरांइतकेच वाढते वेतन लागते. त्यामुळे खर्च आणि तिकिटाचे उत्पन्न यांतले अंतर दर वर्षी रुंदावत जाते. कारभार चोख असला तरीही.

ही गोष्ट कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे. ती नीट कळली की देणगी मागताना अपराधी स्वर येत नाही. ‘आम्ही अडचणीत आहोत’ असे म्हणण्याऐवजी ‘एका प्रयोगाच्या खर्चातला एवढा भाग तिकिटांतून येतो, उरलेला कायमच समाजाला उचलावा लागतो’ असे आकड्यांसह सांगता येते. देणारा माणूस बुडत्या नावेत पैसे टाकत नाही. चालत्या कामात टाकतो.

खरा खर्च काढणे

बहुतेक संस्थांचे नुकसान इथेच होते. समजा एका प्रदर्शनाचा पूर्ण खर्च १०० भाग आहे. मांडणी, वाहतूक, विमा, छपाई आणि बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांचे मानधन मिळून ६० भाग होतात. हे डोळ्यांसमोर असते, म्हणून अंदाजपत्रकात येते. संस्थेच्या पगारी माणसांचा जो वेळ या प्रदर्शनात जातो त्याचे २२ भाग होतात. जागा, वीज, हिशेबनीस, लेखापरीक्षण आणि संगणक यांतला वाटा १२ भाग. अनपेक्षित खर्चासाठी ६ भाग. संस्था मागते ६० आणि ते मिळाले की आनंद साजरा करते. प्रत्यक्षात उरलेले ४० भाग तिच्या तिजोरीतून गेलेले असतात. असे तीन प्रकल्प ‘यशस्वी’ झाले की पगार थकतात.

हे टाळण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान दोन महिने आठवड्याच्या शेवटी लिहून ठेवावे : कोणत्या कामाला किती तास गेले. त्यावरून वेळेचा वाटा काढा. आस्थापना खर्चाची, म्हणजे जागा, वीज, हिशेबनीस अशा सामाईक खर्चाची, वाटणी करायला एकच पद्धत ठरवा, उदाहरणार्थ कामाच्या तासांच्या प्रमाणात, आणि ती सर्व प्रकल्पांना सारखी लावा. दाता विचारील तेव्हा ती पद्धत कागदावर दाखवता आली पाहिजे. काही अनुदान संस्था आस्थापना खर्चावर मर्यादा घालतात. तिथे वरची रक्कम कुठून येणार, हे अर्ज करण्याआधी ठरवा. ते ठरत नसेल तर तो अर्ज करूच नका.

जुन्या इमारतीच्या बाबतीत अनपेक्षित खर्चाचे ६ भाग पुरत नाहीत, १५ ते २० टक्के धरावे लागतात. गिलावा काढल्याशिवाय आतली कुजलेली तुळई दिसत नाही आणि छपराची कौले उतरवल्याशिवाय वाशांना कीड किती लागली ते कळत नाही. म्हणून वास्तूसाठी मागण्याआधी जतनतज्ज्ञ वास्तुविशारदाकडून स्थिती-अहवाल करून घ्या. त्या अहवालासाठी लागणारी छोटी रक्कम ही निधी उभारणीची पहिली फेरी. ती जवळच्या चार-पाच जणांकडून मिळवता येते, आणि नंतरच्या प्रत्येक मागणीला त्या अहवालाचा आधार मिळतो. काम पूर्ण झाल्यावर पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही याच अंदाजपत्रकात हवी. गटारे साफ करायला पैसे नाहीत म्हणून नवे छप्पर पाच वर्षांत गळू लागले, असे होऊ नये.

आणखी एक तक्ता करा : पैसा कोणत्या महिन्यात जाणार आणि कोणत्या महिन्यात येणार. पुष्कळ अनुदाने हप्त्यांत मिळतात आणि शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर येतो. मधले महिने कशावर काढायचे, याचे उत्तर नसेल तर मंजूर झालेले अनुदानच संस्थेला अडचणीत आणते.

दोन पानांचे निवेदन

पुढे जे काही लिहाल, मग ते पत्र असो, अर्ज असो की संकेतस्थळावरचा मजकूर, ते सगळे एकाच मूळ निवेदनातून निघाले पाहिजे. दोन पाने पुरतात. हे काम झाले नाही तर नेमके काय नाहीसे होईल? आत्ताच का, दोन वर्षांनी का नाही? हे आपणच का करायचे? किती रक्कम लागेल आणि तिच्यातून काय काय होईल? झाले हे कशावरून कळेल? एवढ्या प्रश्नांची सरळ उत्तरे द्या.

पहिले पान संस्थेची स्थापना, पुरस्कार आणि मान्यवरांच्या भेटी यांत घालवण्याचा मोह फार होतो. तो सगळा मजकूर जोडपत्रात टाका. निवेदन तपासण्याची साधी कसोटी अशी : त्यातले संस्थेचे नाव झाकून दुसऱ्या एखाद्या संस्थेचे नाव घातले तरी मजकूर तसाच लागू पडत असेल, तर निवेदन अजून झालेले नाही. ‘सांस्कृतिक वारसा जपणे’ हे कुणालाही लागू पडते. ‘आमच्याकडच्या चुंबकीय फितींवरची ध्वनिमुद्रणे, त्यांचा थर सुटू लागला आहे, त्या वाजवता येतील अशी यंत्रे दुरुस्त करणारी माणसे कमी होत चालली आहेत’ हे तुमच्याच संस्थेला लागू पडते आणि ‘आत्ताच का’ या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

‘आत्ताच का’ हा वारसा संस्थांचा सर्वांत अवघड प्रश्न. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला आग लागली तेव्हा काही दिवसांतच कोट्यवधी युरोंची आश्वासने आली; अखेर सुमारे ३,४०,००० देणगीदारांनी हातभार लावला. आगीची ज्वाला जगाला दिसते; भिंतीत मुरणारे पाणी कुणाला दिसत नाही. ते दाखवणे तुमचे काम आहे. एकाच जागेवरून, एकाच कोनातून दर पावसाळ्यानंतर छायाचित्र काढा. तीन वर्षांची तीन छायाचित्रे शेजारी ठेवली की पानभर वर्णनाची गरज राहत नाही. मात्र घाई खरी असेल तेवढीच सांगा. ‘शेवटची संधी’ दर वर्षी आली तर तिसऱ्या वर्षी कुणी विश्वास ठेवत नाही.

कागदपत्रे

संस्थेची नोंदणी, करसवलतीचे प्रमाणपत्र आणि त्याची मुदत, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, विश्वस्तांची यादी, देणगी स्वीकारण्याचा ठराव आणि पावतीचा मसुदा एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. परदेशातून पैसा येण्याची शक्यता असेल तर आपल्या देशाचा त्याबद्दलचा कायदा आधी वाचा. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी वेगळी परवानगी आणि वेगळे खाते लागते, आणि चुकून आलेली रक्कमही महागात पडते.

देणग्यांची उतरंड

लक्ष्य १०० असेल तर ‘शंभर जणांनी प्रत्येकी एक द्यावा’ असा हिशेब मनात येतो. तो जवळजवळ कधीच जुळत नाही. देणग्या उतरंडीसारख्या येतात : वर एक मोठी, खाली जास्त संख्येने लहान. एक चालणारी मांडणी पाहा. २० ची एक देणगी, १० च्या दोन, ५ च्या चार, अडीचच्या आठ. प्रत्येक ओळीतून २० येतात, म्हणजे पंधरा देणग्यांतून ८० झाले. उरलेले २० शेकडो लहान देणग्यांतून.

आता प्रत्येक ओळीसमोर नावे लिहा. वरच्या दोन ओळींत एका देणगीमागे चार नावे लागतात, कारण काही जण नाही म्हणतील आणि काही जण मागितल्यापेक्षा कमी देतील. कमी देणारे खालच्या ओळीत येतात, म्हणून खाली एका देणगीमागे तीन नावे पुरतात. वरच्या मांडणीत ४, ८, १२ आणि २४ अशी ४८ नावे झाली. नाव लिहिताना तीन गोष्टी तपासा : ऐपत आहे का, या विषयाची ओढ आहे का, आणि आपल्यापैकी कुणाची प्रत्यक्ष ओळख आहे का. नुसती ऐपत म्हणजे काहीच नव्हे. शहरातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचे नाव प्रत्येक संस्थेच्या यादीत असते.

वरच्या ओळीची चार नावे भरता येत नसतील तर लक्ष्य चुकले आहे. काम टप्प्यांत विभागा आणि पहिल्या टप्प्याचीच उतरंड मांडा. हे आत्ता कळणे फार बरे. जाहीर कार्यक्रमात फलक लावून झाल्यावर कळले तर ते झाकता येत नाही.

आतून बाहेर

पहिली देणगी विश्वस्तांची. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावी. रक्कम लहान चालेल, पण एकही नाव सुटलेले चालणार नाही. मोठा देणगीदार हमखास विचारतो, ‘तुमच्या मंडळातल्यांनी काय दिले?’ तिथे ‘सर्वांनी दिले’ हे एकच उत्तर चालते.

त्यानंतर उतरंडीच्या वरच्या ओळी, कोणताही गाजावाजा न करता. लक्ष्याच्या निम्म्याहून अधिक, शक्यतो ६०-७० टक्के रकमेची लेखी आश्वासने हातात येईपर्यंत जाहीर आवाहन करू नका. लूव्र संग्रहालयाचे २०१० चे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लुकास क्रानाखचे ‘तीन ग्रेसेस’ हे चित्र ४० लाख युरोंना घ्यायचे होते. संग्रहालयाने ३० लाख आधी जमवले आणि मग उरलेल्या १० लाखांसाठी लोकांना हाक दिली. सुमारे ७,००० लोकांनी ती रक्कम जेमतेम महिनाभरात पूर्ण केली. पूर्ण ४० लाखांसाठी आवाहन केले असते तर वीस युरो देणाऱ्याला आपले वीस युरो समुद्रात थेंब वाटले असते. अंतर लहान आणि नेमके दिसले की लहान देणगीदाराला ते आपण पूर्ण केले असे वाटते, आणि ते खरेही असते.

लहान देणग्यांचे मोठे जुने उदाहरण न्यूयॉर्कचे. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याचे पैसे संपले. जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले. पाच महिन्यांत १,२०,००० हून अधिक लोकांनी एक लाख डॉलरच्या वर रक्कम दिली, बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी. प्रत्येक देणाऱ्याचे नाव छापायचे, हा त्यांचा शब्द होता. हे सांगून ‘आपणही लोकवर्गणीतूनच करू’ असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : पुलित्झर यांच्या हाती रोज हजारो घरांत जाणारे वृत्तपत्र होते. तुमची हाक रोज किती लोकांपर्यंत पोहोचते, ती संख्या लिहा आणि मगच लोकवर्गणीचा अंदाज बांधा. नाव छापण्याची गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्या.

प्रत्यक्ष भेट

मोठी देणगी पत्राने येत नाही. मागण्याआधी त्या माणसाला किमान दोन-तीनदा काम दाखवा, तेही काही न मागता. कला संस्थांकडे या बाबतीत इतर कुणाकडे नसलेली संपत्ती आहे : तालमीची खोली, वेशभूषेचे कपाट, संग्रहालयाचे भांडार, हस्तलिखिताच्या पानाला आधारकागद लावणारे हात. उद्घाटनाच्या समारंभापेक्षा अर्ध्या तासाची तालीम जास्त बोलते.

भेटीला दोघांनी जावे. एक त्या माणसाला ओळखणारा, बहुधा विश्वस्त किंवा आधीचा देणगीदार. दुसरा काम जाणणारा. वेळ ठरवतानाच सांगा की मदतीबद्दल बोलायचे आहे. फसवून नेलेल्या चहाच्या भेटीने नाते बिघडते. निम्मा वेळ त्यांना बोलू द्या. मग रक्कम उच्चारा : ‘या ग्रंथालयाच्या जतनकामासाठी तुम्ही दहा भाग उचलावेत अशी आमची विनंती आहे.’ ‘जे जमेल ते’ म्हणू नका. त्याने देणाऱ्याची पंचाईत होते, कारण किती दिले तर बरे दिसेल हे त्यालाही कळत नाही. रक्कम उच्चारल्यावर गप्प बसा. नवखे लोक घाबरून लगेच बोलू लागतात आणि स्वतःच रक्कम कमी करतात.

‘विचार करून सांगतो’ हा नकार नाही. कोणती माहिती हवी ते विचारा, पुढच्या बोलण्याची तारीख तिथेच ठरवा आणि त्याच दिवशी आभाराची दोन ओळींची चिठ्ठी पाठवा. नकार आला तर तो रकमेला आहे, वेळेला आहे की प्रकल्पाला, हे सौजन्याने विचारा. रक्कम तीन वर्षांत विभागून देता येते, हे पुष्कळांना सुचवावे लागते.

अनुदानाचा अर्ज

निर्णयाला सहा ते नऊ महिने लागतील असे धरून चाला. नियम वाचून झाल्यावर, लिहायला घेण्याआधी अनुदान संस्थेच्या अधिकाऱ्याशी बोला. दहा मिनिटांच्या बोलण्यात अर्ज करावा की नाही हे बहुधा कळते. मजकुरात ‘बारा कार्यशाळा’ आणि अंदाजपत्रकात दहांचे मानधन, अशी विसंगती हे नापास होण्याचे फार साधे आणि फार नेहमीचे कारण आहे. म्हणून मजकूर आणि आकडे दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासावेत.

मंजुरीपत्र येण्याआधी झालेला खर्च बहुतेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत. ठेकेदार उद्याच मोकळा आहे म्हणून काम सुरू केले आणि अनुदान हातचे गेले, हा महाग पडणारा उतावीळपणा. संस्थेने स्वतःचा हिस्सा घालायचा असेल तर स्वयंसेवकांचे तास मोजता येतात का ते विचारा. येत असतील तर पहिल्या दिवसापासून तारीख, काम, तास आणि सही अशी वही ठेवा. मागाहून आठवून भरलेली वही तपासणीत टिकत नाही.

कंपन्या

प्रायोजकत्व ही देणगी नव्हे, तो व्यवहार आहे. कंपनीला प्रेक्षक, नाव, पाहुण्यांसाठी जागा असे काही हवे असते आणि पैसा जाहिरातीच्या खात्यातून येतो. करारात बोधचिन्ह कुठे, किती आकाराचे, किती आमंत्रणे, त्याच व्यवसायातला दुसरा प्रायोजक चालेल का आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे लिहा. देणगीची पावती याला चालत नाही, कराचा हिशेब वेगळा असतो. कंपनीचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक ठरण्याआधी पोहोचा; नंतर फक्त उरलेसुरले मिळते.

न घ्यायची देणगी

स्वीकृती धोरण शांत वेळी लिहा, पाहुणा धनादेश घेऊन दारात उभा असताना नव्हे. सॅकलर या देणगीदार घराण्याच्या वेदनाशामक औषधांच्या व्यवसायाभोवतीच्या वादानंतर २०१९ मध्ये लूव्रने ते नाव आपल्या दालनांवरून काढले आणि ब्रिटनच्या टेट या कलासंग्रहालयाने त्या घराण्याकडून नव्या देणग्या न घेण्याचे जाहीर केले. छोट्या संस्थेलाही हे प्रश्न पडतात. देणगीदाराला कार्यक्रमात कोण गाणार हे ठरवायचे असेल तर? जुनी मूर्ती भेट मिळते आहे, पण ती कुठून आली याचा कागद नाही तर? अशी वस्तू घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. आणि दालनाला नाव द्यायचे तर कायमचे देऊ नका. वीस किंवा पंचवीस वर्षांची मुदत लिहा, म्हणजे पुढच्या पिढीलाही दालन सुधारायला देणगीदार मिळू शकेल.

नियमित देणगीदार आणि स्थायी निधी

पहिल्यांदा देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पुन्हा देत नाहीत, हा सगळीकडचा अनुभव आहे. कारण बहुतेकदा एकच असते : पैसे गेले आणि पुढे काही कळले नाही. ४८ तासांत आभार माना, त्यात पावतीबरोबर माणसाने लिहिलेले एक वाक्य असू द्या. तीन-चार महिन्यांनी, पुन्हा मागण्याआधी, काय झाले ते कळवा. सभासदत्वाचा हिशेबही तपासा : १०० च्या वर्गणीत सवलतीची तिकिटे, अंक आणि टपाल यांवर ७० जात असतील तर ती निधी उभारणी नाही, ती तिकीटविक्री आहे.

स्थायी निधीचे, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त उत्पन्न वापरायच्या निधीचे, स्वप्न सर्वांनाच पडते. त्याचे गणित कडक आहे. मुद्दल महागाईने झिजू द्यायचे नसेल तर वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच वापरता येतात, म्हणजे दर वर्षी १ हवा असेल तर २० ते २५ बाजूला ठेवावे लागतात. म्हणून आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी राखीव रक्कम जमवा. स्थायी निधीसाठी सर्वांत योग्य स्रोत मृत्युपत्रातल्या देणग्या. त्याबद्दल एक साधी ओळ दर अंकात, दर पत्रकात राहू द्या; घाई करू नका.

बाहेरची मदत घेताना

सल्लागाराकडून काय विकत घ्यायचे ते नीट ठरवा. चाचपणीच्या मुलाखती तिऱ्हाइताने घेतल्या तर चांगल्या होतात. वीस-तीस संभाव्य देणगीदार त्याला जे मोकळेपणाने सांगतात ते तुम्हाला तोंडावर सांगत नाहीत. निवेदनाचे संपादन आणि विश्वस्तांचे प्रशिक्षण हीसुद्धा उपयोगी मदत. प्रत्यक्ष मागणी मात्र विकत घेता येत नाही, कारण देणगीदाराचा विश्वास सल्लागारावर नसतो.

जमलेल्या रकमेच्या टक्केवारीवर काम करायला कुणी तयार असेल तर नकार द्या. व्यावसायिक निधी-संकलकांच्या आचारसंहितेत हे बसत नाही, आणि कारण रास्त आहे : टक्केवारीवरचा माणूस आज मिळेल तेवढे घेऊन मोकळा होतो, पाच वर्षांनी दहापट देणाऱ्याला जपत नाही. मोबदला दिवसांवर किंवा टप्प्यांवर ठरवा, आणि देणगीदारांची सगळी माहिती संस्थेच्या मालकीची राहील हे करारात लिहा.

पैसे आल्यानंतर

विशिष्ट हेतूने आलेली रक्कम त्याच हेतूसाठी, वेगळ्या खातेपानावर. ‘या महिन्यापुरते पगाराला वापरू, पुढच्या महिन्यात परत टाकू’ असे एकदाही करू नका. हा विश्वासभंग आहे आणि पुष्कळ ठिकाणी कायद्याचा भंगही. काम लांबले, लाकूड जास्त कुजलेले निघाले किंवा कलाकार आजारी पडला, तर देणगीदाराला ते तुमच्याकडून आणि लगेच कळू द्या. नवी तारीख आणि नवा आकडा सोबत पाठवा. हेतू बदलायचा असेल तर आधी लेखी संमती घ्या आणि ते पत्र पावतीच्या स्थळप्रतीला जोडून ठेवा, म्हणजे तीन वर्षांनी येणाऱ्या लेखापरीक्षकाला आणि तुमच्या जागी आलेल्या नव्या सचिवाला ते शोधावे लागणार नाही.